बायको सोडायला येते, त्याची नोंद

वृंदानं साइटच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि मी आत बसल्या बसल्या माझ्या मांडीवरच्या हेल्मेटमध्ये एक लांबट पाकीट टाकलं.

“वाच.”

“घरी जाऊन वाचतो.”

“इथंच वाच. तोवर गाडी हलणार नाही.”

गाडी तिच्या हातात असल्यामुळे वाचण्याखेरीज इलाज नव्हता. पत्र इमिग्रेशनचं होतं. तीन पानं, अतिशय सभ्य भाषा. तुमच्या अर्जाच्या विरुद्ध जाईल अशी काही माहिती आमच्यासमोर आली आहे, दहा कामाच्या दिवसांत खुलासा करा, नाहीतर वर्क परमिट नाकारण्यात येईल. तुम्ही दोघं खरोखर एकत्र राहता याबद्दल आमचं समाधान झालेलं नाही.

“ह्यांचं समाधान झालेलं नाही,” वृंदा म्हणाली. “आणि आठ महिने मी तुझे मोजे कुणाच्या घरात शोधतेय?”

सांगायला हवं की हे साधारण दोन हजार सहाचं वर्ष. मी न्यूझीलंडचा पर्मनंट रेसिडेंट होतो. आधी वेलिंग्टनला चार वर्षं काढली, मग हॅमिल्टनला डेअरी प्लांट उभारणाऱ्या एका फर्ममध्ये लागलो आणि रोटोटुना या तिथल्या उपनगरात घर भाड्यानं घेतलं. आदल्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात लग्न झालं. वर्क व्हिसाला वेळ लागतो, तू आधी व्हिजिटर म्हणून ये, मग बघू, असं मी वृंदाला सांगितलं. ‘मग बघू’ या दोन शब्दांवर मी आयुष्यात जेवढा विसंबलोय तेवढा कुठल्याच व्हॉल्व्हवर विसंबलो नाही.

वृंदा मायक्रोबायॉलॉजिस्ट. सांगलीत दुधाच्या लॅबमध्ये पाच वर्षं काम केलेली. हॅमिल्टनच्या एका लॅबनं तिला नोकरी देऊ केली होती. इकडे गाई ऑगस्टच्या सुमाराला व्यायला लागतात, दूध लोटायला लागतं, आणि लॅबना माणसं लागतात ती तेव्हाच. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी परमिटसकट हजर व्हा, नाहीतर पुढच्या नावाला बोलावू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिचं व्हिजिटर परमिट त्याच आठवड्यात संपत होतं. म्हणजे परमिट मिळालं तर सोमवारी लॅब, नाही मिळालं तर त्याच आठवड्यात विमान. पत्र आलं तेव्हा जुलै अर्धा सरला होता.

पत्रात दोन मुद्दे होते. पहिला असा : मॅरेज सर्टिफिकेट सोडलं तर तुम्ही दोघं एका पत्त्यावर राहता हे दाखवणारा एकही कागद अर्जात नाही.

हा पराक्रम सर्वस्वी माझा. घराचं अॅग्रीमेंट माझ्या नावावर, वीज माझ्या नावावर, फोन, बँक, गाडीसुद्धा माझ्या नावावर. बायको नवीन आली आहे, तिला कशाला फॉर्म आणि रांगांचा ताप, या उदात्त विचारानं मी सगळं एकट्यानं उरकलं होतं. आमच्या वडिलांनीही असंच केलं, त्यांच्याही वडिलांनी. कागदोपत्री पाहिलं तर रोटोटुनाच्या त्या घरात एक ब्रह्मचारी राहत होता आणि भाजी जरा जास्त आणत होता.

अर्जासोबत मी काय जोडलं होतं? लग्नाचा अल्बम. अख्खा. सव्वादोनशे फोटो. सीमंतपूजन, कानपिळी, सप्तपदी, पंगत. शिवाय लग्नपत्रिका, इंग्रजी भाषांतरासह, निमंत्रक म्हणून एकवीस नातेवाइकांची नावं असलेली. चारशे माणसं जेवून गेली, आणखी काय पुरावा पाहिजे, असा माझा सरळ हिशेब. पण इमिग्रेशनचा प्रश्न लग्न झालं का, हा नव्हताच. आज, इथं, एका छपराखाली राहता का, हा होता. सव्वादोनशे फोटोंपैकी एकही न्यूझीलंडमध्ये काढलेला नव्हता.

यातली मजा अशी की माझा धंदाच पुराव्याचा. मी कमिशनिंग इंजिनियर. म्हणजे नवा प्लांट बांधून झाला की तो पहिल्यांदा चालू करायचा, एकेक पंप, एकेक व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे चालतो का ते तपासायचं, आणि सही घेऊन मालकाच्या ताब्यात द्यायचा. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर, प्रत्येक नंबरला कागद, प्रत्येक कागदावर दोन सह्या. आमच्यात म्हणतात, ज्याची नोंद नाही ते झालंच नाही. त्या मिल्क पावडर प्लांटमधल्या अकराशे व्हॉल्व्हचे कागद माझ्याकडे होते. बायकोचा एक नव्हता.

“पहिला मुद्दा कळला,” वृंदा म्हणाली. “तो मूर्खपणा आहे. दुसरा काय आहे?”

दुसरा मुद्दा वाचून मी कागद घडी करायला लागलो. तिनं तो काढून घेतला आणि मोठ्यानं वाचला. मुलाखतीत अर्जदाराच्या पतीनं सांगितलं की ते रोज सकाळी स्वतः गाडी चालवत कामावर जातात, आणि त्या वेळी पत्नी झोपलेली असते. अर्जदारानं सांगितलं की ती रोज सकाळी पतीला गाडीनं कामावर सोडते. दोघांच्या दिनक्रमाच्या वर्णनात मूलभूत विसंगती आहे.

तिनं इंजिन बंद केलं.

“मी झोपलेली असते?”

“अगं, मी त्यात असंही म्हणालो की चहा मी माझा करून घेतो. म्हणजे तुझ्याबद्दल चांगलंच...”

“हेमंत, तू आयुष्यात एकदा चहा केलास. त्यात मीठ होतं.”

आता मूळ दुखणं सांगतो. मला गाडी चालवता येत नव्हती.

पुण्यात माझ्याकडे स्कूटर होती आणि स्कूटरचं लायसन्स होतं. वेलिंग्टनमध्ये बस आणि पाय यांवर भागलं. हॅमिल्टनच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत माझा बॉस ग्रॅहम यानं विचारलं, “लायसन्स आहे ना?” मी म्हणालो, “येस.” कुठलं, कशाचं, हे त्यानं विचारलं नाही, मीही खोलात शिरलो नाही. मग बघू.

मग बघितलं, ते तीनदा. पहिल्या टेस्टला मी प्रत्येक वळणावर सौजन्य म्हणून हॉर्न वाजवला. इकडे हॉर्न म्हणजे शिवी. टेस्ट घेणारा माणूस सबंध रस्ताभर लोकांची माफी मागत होता. दुसऱ्या वेळी राउंडअबाउटमध्ये शिरलो आणि बाहेर पडायची संधी कुणी देईना म्हणून चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वेळी इकडचा त्या काळचा एक विचित्र नियम आडवा आला : डावीकडे वळणाऱ्यानं समोरून उजवीकडे वळणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी जाऊ दिलं नाही. समोरचा पोलीस निघाला.

वृंदाच्या वडिलांचं सांगलीत मोटर ड्रायव्हिंग स्कूल. ती अठराव्या वर्षी ट्रॅक्टरसुद्धा चालवायची. तिचं लायसन्स इकडे पहिलं वर्षभर चालत होतं. जानेवारीत प्लांटचं काम सुरू झालं, साइट हॅमिल्टनपासून पन्नास मिनिटांवर, बस नाही. तेव्हापासून ती मला रोज सकाळी सोडायची आणि संध्याकाळी न्यायला यायची. मी ऑफिसात सांगितलं होतं की बायकोला गावाकडचं वातावरण आवडतं, म्हणून ती बरोबर येते. कंपनीनं देऊ केलेली यूट, म्हणजे मागे हौदा असलेली गाडी, नाकारली तेव्हा पर्यावरणाचं कारण दिलं होतं. माझ्या नोकरीचं खात्रीपत्र अर्जाला जोडलेलं, त्यावर ग्रॅहमचा फोन नंबर. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी “सकाळी घरी साधारण काय चालतं?” असं विचारलं तेव्हा मला वाटलं, ह्यांनी सहज ग्रॅहमला फोन केला तर? म्हणून सवयीनं खोटं बोललो. बाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता लिहून घेतलं. आणि माझ्यानंतर आत गेल्यावर वृंदानं खरं सांगितलं. बाहेर आल्यावर तिनं विचारलंही होतं, काय काय विचारलं म्हणून. मी म्हणालो, रूटीन.

घरी पोचल्यावर मी वेलिंग्टनच्या माझ्या मित्राला, अभयला फोन लावला. आयटीतला हुशार माणूस. तो म्हणाला, “वाद घालू नकोस. तिला परत पाठव, तिकडून नीट अर्ज करा, सहा-आठ महिन्यांत येईल. इथं नकार आला तर फाइलवर कायमचा डाग.”

वृंदानं माझ्या हातातून फोन घेतला. “भाऊजी, मी जाणार नाही. मी चोरून आलेली नाही. माझं लग्न खरं, घर खरं, नोकरी खरी. खोटा आहे तो फक्त तुमच्या मित्राचा ड्रायव्हिंगचा रुबाब. त्याला पाठवा परत.”

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “खरं लिहायचं.”

“आपण असं लिहू की तू अधूनमधून गाडी चालवतेस, आणि मी...”

“खरं, हेमंत.”

“ग्रॅहमला कळलं तर माझी नोकरी जाईल.”

“मग मी कमवीन. त्यासाठी आधी परमिट लागेल.”

मी ड्रॉवरमधून कोरे कागद काढून टेबलावर ठेवले.

पण खरं लिहून भागणार नव्हतं. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरंसुद्धा पुराव्यानिशीच द्यावं लागतं. तो पुरावा दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून समोर आला. साइटच्या गेटवर मेरे नावाची माओरी बाई बसायची, पन्नाशीची, मोठ्या हसण्याची. गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाला तिच्या रजिस्टरमध्ये सही करावी लागे, आग लागली तर आत कोण कोण आहे हे कळावं म्हणून. नाव, गाडीचा नंबर, चालक की प्रवासी, कुणाकडे, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. पार्किंग गेटच्या आत, म्हणून पाच मिनिटांसाठी आलेल्या वृंदालाही सही चुकत नसे.

“किया ओरा, ड्रायव्हर,” मेरे रोजच्यासारखी माओरीत नमस्कार करत वृंदाला म्हणाली. मग मला, “किया ओरा, पॅसेंजर.”

सहा महिने ह्या थट्टेनं मी खाली मान घालत होतो. त्या दिवशी मी रजिस्टरकडे बघत राहिलो. जानेवारीपासून रोज. सहा चाळीसला आत, वृंदा चालक, मी प्रवासी. सहा पंचेचाळीसला वृंदा बाहेर. संध्याकाळी पुन्हा आत, दोघं मिळून बाहेर. पहाटे पन्नास मिनिटांच्या अंतरावरून परकी बाई कुणाला रोज सोडायला येत नाही.

“मेरे, ह्याच्या कॉपी मिळतील?”

“रजिस्टर साइट मॅनेजरचं. कीथला विचार. आणि तुझ्या बॉसकडून पत्र आण, त्याशिवाय कीथ बोलणारही नाही.”

म्हणजे आधी ग्रॅहम. साइटवरच्या पोर्टाकॅबिन ऑफिसातल्या त्याच्या टेबलासमोर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ग्रॅहम कमी बोलणारा माणूस. पेन खाली ठेवलं.

“तुझ्याकडे लायसन्स नाही.”

“लर्नर आहे.”

“इंटरव्ह्यूत तू हो म्हणालास.”

“स्कूटरचं आहे.”

“इथं स्कूटर आहे?”

“नाही.”

“आणि तो पर्यावरणाचा विषय?”

“पर्यावरण मला आवडतं,” मी म्हणालो. “पण ते कारण नव्हतं.”

त्यानं पेन पुन्हा उचललं. मग म्हणाला, “हेम, मला हे लेखी घ्यावं लागेल. वॉर्निंग. फाइलला लागेल.”

इथं माझ्यात कुठून बळ आलं कोण जाणे. बहुधा रात्रीपासून माझ्याशी तीनच शब्द बोललेल्या बायकोचं असावं. “द्या,” मी म्हणालो. “काय लिहायचं ते लिहा, सही करतो. पण त्याबरोबर कीथला पत्रही द्या. मी खोटं बोललो त्याची शिक्षा मला. तिला नाही.”

ग्रॅहमनं माझ्याकडे प्रथमच नीट पाहिल्यासारखं पाहिलं. “फेअर इनफ,” म्हणाला, आणि दोन्ही कागद त्याच दुपारी टाइप करून आणले. वॉर्निंग आधी, पत्र नंतर.

कीथनं पत्र वाचलं आणि मान हलवली. “नाही जमणार. त्या पानांवर दोनशे माणसांची नावं आहेत. प्रायव्हसी. उद्या कुणी तक्रार केली तर मी अडकतो.”

मी म्हणालो, बाकीची नावं झाकू. तो म्हणाला, नाही. मी म्हणालो, फक्त आमच्या ओळी. तो म्हणाला, नाही. तो वाईट माणूस नव्हता. ‘नाही’ म्हणायची त्याला सवय होती, जशी मला ‘मग बघू’ची. पत्र पोचायलाच पाच दिवस गेले होते, त्यामुळे त्या दिवशी खुलाशाला चारच दिवस उरले होते.

गेटवर मेरेनं माझा चेहरा पाहून विचारलं. सांगितलं. ती हसली.

“तू मागितलंस. तुला कशाला देईल? कुणाही माणसाबद्दल नोंद ठेवली असेल तर ती त्या माणसाला मागता येते, कायद्यानं. ड्रायव्हरला मागू दे.”

माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बायकोच्या कामासाठी बायकोला पाठवावं, हा विचार आमच्या घराण्यात कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला वृंदा गेटमधून आत आली ती पाच मिनिटांत बाहेर गेली नाही. तिनं गाडी लावली, मेरेकडून हेल्मेट आणि पिवळं जाकीट घेतलं, आणि कीथच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे. तिनं वळून मला सांगितलं, “तू कामाला जा.” मी दाराबाहेर थांबलो. ते काम नव्हतं, पण जवळ होतं.

“तुमच्या रजिस्टरमध्ये माझं नाव आहे,” आतून तिचा आवाज आला. “मी लिहिलेलं, माझ्या सहीचं. त्या नोंदी मला हव्यात. हा माझा लेखी अर्ज.”

“तुमच्या नवऱ्याला मी काल सांगितलं...”

“ते त्यांचं. हे माझं.”

“वीस दिवसांच्या आत उत्तर देऊ शकतो, नियमानं.”

“माझ्याकडे तीन आहेत. मी इथं बसते. मला घाई नाही, परमिट नसल्यामुळे मला आज दिवसभर कामही नाही.”

थोड्या वेळानं कीथ बाहेर आला. मला बघून म्हणाला, “रोज ह्याच गाडी चालवतात?”

“रोज.”

“तरीच,” तो म्हणाला आणि मेरेला हाक मारली.

मेरे आणि वृंदा जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॉपीयरशी बसल्या. वर कागदाची पट्टी, खाली कागदाची पट्टी, मधे आमच्या दोन ओळी. एकशे सव्वीस पानं. प्रत्येकावर कीथचा शिक्का. मी कामाचा माणूस म्हणून मदतीला गेलो तर मेरे म्हणाली, “पॅसेंजर, बाजूला बस.”

खुलासा वृंदानं लिहिला. दीड पान. माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, त्याची त्याला लाज वाटते, म्हणून तो खोटं बोलला. सोबत गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी आणि त्याचा तीन वेळा नापास झाल्याचा निकाल जोडला आहे. मी ‘लाज वाटते’ऐवजी ‘संकोच वाटतो’ असं सुचवलं. तिनं बदललं नाही. लॅबच्या तारखेबद्दल एक ओळ होती, विनंती कुठेच नव्हती.

सोमवारच्या आधीच्या गुरुवारी इमिग्रेशनमधून फोन आला, पासपोर्ट घेऊन या. काउंटरवर त्याच बाई होत्या. वृंदाच्या पासपोर्टमध्ये बारा महिन्यांच्या वर्क परमिटचं लेबल चिकटवताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “आज इथं कसे आलात?”

“बायकोनं आणलं,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि शिक्का मारला.

सोमवारी वृंदा आमची गाडी घेऊन लॅबला गेली. लॅब उत्तरेला, माझी साइट दक्षिणेला. मी पिवळं जाकीट घालून हेल्मेट हातात धरून कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर, म्हणजे इकडच्या किराणा दुकानासमोर, एका फिटरच्या व्हॅनची वाट बघत उभा राहिलो. पुढचे चार महिने असाच उभा राहत होतो. पाचव्या टेस्टला पास झालो. चौथीबद्दल मी बोलत नाही.

वर्षभरानं वृंदाच्या रेसिडेन्सीचा अर्ज भरायची वेळ आली. आता घर, वीज, बँक, सगळ्यांवर दोघांची नावं होती. दोघांनी एकत्र राहिल्याचा आणखी काही पुरावा असल्यास जोडा, असं फॉर्ममध्ये होतं. वृंदानं माझ्या कपाटातून एक कागद काढला आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. कंपनीच्या लेटरहेडवर, ग्रॅहमच्या सहीचा, माझी कबुली घेतलेला. त्यात लिहिलं होतं : कर्मचाऱ्याकडे वैध लायसन्स नसून, जानेवारीपासून दररोज त्याची पत्नी त्याला घरून साइटवर सोडते आणि घरी नेते.

“हे कशाला?” मी म्हणालो. “ही वॉर्निंग आहे.”

“आपल्या लग्नाबद्दल तिसऱ्या माणसानं लिहिलेला एवढा स्वच्छ कागद दुसरा नाही,” ती म्हणाली.

तीन महिन्यांत रेसिडेन्सी मिळाली. एकाही प्रश्नाशिवाय. अल्बम आम्ही जोडला नव्हता.

आता मी निवृत्त झालोय. नव्यानं आलेली जोडपी कधी सल्ला विचारायला येतात. मी नवऱ्याला एवढंच सांगतो, बिलांवर बायकोचं नाव पहिल्या दिवशी घाल, आणि मुलाखतीत तुझी फजिती होईल असंच उत्तर दे, ते बहुधा खरं असतं. बाकीचं विचारायचं असेल तर वृंदाला विचारा, असं म्हणतो. ती घरात नसेल तर थांबावं लागतं. गाडी ती घेऊन गेलेली असते.